सदतीस नंबरचं रोप

वेल्सबर्नच्या काचघरात फेब्रुवारीची सकाळ,
बाहेर दव गोठलेलं, आत पंचवीस अंश.
मी आजारी पानं खलात वाटते,
बोट बुडवून निरोगी पानावर फिरवते
हलकेच, तीट लावावी तसं.
लावते मात्र दृष्टच.

डोरीन मागून ट्रे सरकवते.
"सॉरी, डार्लिंग," म्हणते प्रत्येक टोमॅटोला,
तीस वर्षं हेच म्हणत आलीय.

दहाव्या दिवशी मनीमेकरची पानं आकसून सुतळी झाली.
ती होणारच होती,
म्हणून तर ठेवली होती.
एकविसाव्या दिवशीही सदतीस नंबर हिरवागार,
वर दोन फुलं.
मी त्याला जीव लावून बसले होते.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"रोग आहे," डोरीन म्हणाली, "फक्त दाखवत नाही.
असलीच जास्त पसरवतात."
चिठ्ठीवर काय लिहायचं?
सोशिक, मला सुचलं.
आमच्याकडे स्थळ सुचवताना
हा शब्द मुलीच्या रंगाआधी सांगत.

कोपऱ्यात एकोणपन्नास. त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.
एक पान ठिपक्याठिपक्यांनी करपलेलं:
जिथे माझं बोट लागलं
तेवढंच जाळून टाकलंय त्याने.
पट्टी केली. एक रेघ.
पाच मिनिटं थांबलो. एकच.

डोरीन केटल लावायला गेली.
मी सदतीस पिशवीत घातलं, फुलांसकट,
गाठ मारली,
आणि हात दुधात बुडवले,
विषाणू दुधाने निघतो म्हणून.
कोपरापर्यंत पांढरे हात घेऊन
बराच वेळ उभी राहिले,
पुसायला काही सापडेना.