सहा टिक

माझगावात गोदीच्या भिंतीला लागून
बस्त्याव तुस्कानोचा गाळा. पाटी नाही.
परवान्याची प्रत दाखवा, वहीत सही करा,
मग पिस्तूल टेबलावर: मॅगझीन वेगळं,
चेंबर उघडं, नळी भिंतीकडे.
हे झाल्याखेरीज तो चहाही विचारत नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी मला माशी दिसेनाशी झाली.
नळीच्या टोकावरची काळी माशी,
जिच्यावर नजर खिळवून
लक्ष्याला धूसर होऊ द्यायचं असतं.
आता तीच धूसर, आणि लक्ष्य लख्ख.
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वय.
तुस्कानो म्हणाला, लाल ठिपक्याची बसवू,
मागची खाचही रुंद घे,
दोन्ही बाजूंनी उजेड येऊ दे बिचारीला.

जुनी साइट निघेना.
त्याने तेलाचे दोन थेंब सोडले,
वर्तमानपत्रातला पाव सोडून निवांत खाल्ला,
मग स्लाइड व्हाइसमध्ये, जबड्यांना शिशाचे तुकडे,
आणि पितळी पंच.
ठक.
ठक.
लोखंडाला लोखंडाने मारू नये, वण राहतो.
वीस वर्षं बसलेली ती
कुरकुरत बाहेर आली,
तळहातावर ठेवली तर फिरकीएवढी.

नवी आत शिरायला तयार नव्हती.
कानस चालवायची ती साइटला, पिस्तुलाला कधीच नाही.
एक हात. लावून बघ. काढ.
शाई फास, कुठे घासतंय ते दिसेल.
पुन्हा एक हात.
अर्ध्यापर्यंत बोटाने जायला हवी,
पुढचं पंचाचं काम.
बाहेर गोदीत पाळी सुटली
तरी तो एकाच कडेवर वाकलेला.

वरळीची रेंज. पंचवीस मीटर.
पाचही गोळ्या एका रुपयाखाली झाकाव्यात अशा,
पण डावीकडे, सातच्या घरात, जरा खाली.
मी म्हटलं, तुस्कानो, साइट वाकडी बसलीय.
तो काही बोलला नाही.
वाळूची पिशवी पुढे सरकवली.
यावर टेकव. अर्धा श्वास सोड. मार.

पाचही दहात.

बराच वेळ तो चष्मा पुसत राहिला,
मग पिस्तुलाकडे बघून म्हणाला,
बालेवाडीच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री
तुझी जुनी साइट मीच सरकवली होती.
उजवीकडे, केसभर.
चाप ओढताना तू मनगट सोडतेस डावीकडे.
शिकवायला महिना लागला असता, हातात रात्र होती.
तुला नाही शिकवलं. साइटला शिकवलं.

कपाटात तीन पदकं आहेत, एक खात्याचं.
घरी येऊन ती काढून पाहिली, पुसली, परत ठेवली.
आईचा नेम चुकत नाही, असं रेवती लहानपणी
चाळीभर सांगत फिरायची.
तीच आता फोनवर सगळ्याला बरंय बरंय म्हणते.
आणि विद्याधर, भांडणातलं शेवटचं वाक्य
दरवेळी गिळून गॅलरीत जाणारा.
कोण कोण माझ्यासाठी
केसभर सरकून बसलंय, कोण जाणे.

नव्या साइटला बाजूला स्क्रू आहे.
फिरवला की टिक वाजतो.
सहा टिक उजवीकडे, म्हणाला तुस्कानो,
कुणाला कळणारसुद्धा नाही.
आणि डबीतला छोटा स्क्रूड्रायव्हर
मूठ माझ्याकडे करून पुढे धरला.
मी घेतला. फिरवला नाही.

सध्या रोज रात्री, भांडी आवरल्यावर,
चेंबर दोनदा तपासते, त्यात खोटी गोळी,
समोर कोरी भिंत,
आणि माशीच्या मागे, स्लाइडवर, रुपयाचं नाणं.
नाणं न पाडता चाप ओढायचा.
विद्याधर आतून मोजतो, न विचारता.
काल एकोणतीस वेळा पडलं.
आज सव्वीस.
स्क्रूड्रायव्हर पिशवीतच आहे, बाजूच्या कप्प्यात.
मी त्याची जागा बदललेली नाही.