पुढचा मऊ

हातिमभाई दोन टायर काउंटरवर टाकतो,
म्हणतो, अंगठा दाबून बघ.

पहिला दबतो, नीट मळलेल्या कणकेसारखा.
दुसरा दबत नाही. त्याच्या पोटात
कसल्याशा पिवळ्या धाग्यांचा पट्टा आहे,
खिळा आला तरी लाजून परत जातो म्हणे.

अंगठ्याचं मला कळतं.
सकाळी सहापासून मी हेच करते,
कोपराच्या खोबणीत दाबून बघते
नीला कुठे आहे, कातडी किती देईल.
कलिन्यातल्या फिलोमिना आँटीचा हात म्हणजे पतंगाचा कागद.
वेल्डिंगवाल्या सत्तारच्या हातात सुईच विचारात पडते.

मग अठरा नळ्या, बर्फाच्या पिशव्या, डबा कॅरियरला,
आणि सीएसटी रोड.
भंगारवाल्यांचे ट्रक रात्रीच रिकामे झालेले,
रस्त्यावर लोखंडाचे केस गळलेले.
त्यापुढे पेव्हर ब्लॉक,
एकाचंही शेजाऱ्याशी न पटलेलं.

रक्त हादरलं तर फुटतं.
वरचं पाणी गुलाबी होतं,
लॅबमधून कुडाळकर एवढंच म्हणतो, परत घ्या.
परत म्हणजे तोच हात, तीच जागा,
आणि आँटीचं, अजून काय उरलंय गं माझ्यात?

आणि पंक्चर झालं, उशीर झाला,
तर साखर नळीतल्या नळीत उतरत जाते.
पेशंट कागदावर बरा होतो,
माझ्या टायरमुळे.

जाडाच टाक आणि हवा कमी भर, हातिमभाई म्हणतो.
तेही करून झालंय. रिम ट्यूबला चावते,
दोन भोकं, शेजारी शेजारी, साप डसल्यासारखी.

तो चष्मा कपाळावर ढकलतो.
पंक्चर जास्त कुठल्या चाकाला?
मागच्या.
मग? पुढचं चाक पडलेला खिळा उभा करतं,
मागचं त्याच्यावर जाऊन बसतं.
मी घरातली दोन नंबरची मुलगी आहे,
मला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

जाड मागे. मऊ पुढे.
आणि डबा कॅरियरवरून उतरून हँडलला.
एकोणीसशे पन्नास.
दुकानात पाटी आहे, उधार बंद.
पाटीच्या मागे उधारीची वही आहे.

आज पहिला दिवस.
प्रत्येक ब्लॉक माझ्या कमरेने मोजला,
पुढे नळ्या मात्र गाढ.
कुडाळकरने एकेक उजेडात धरली,
सगळ्यांचं पाणी पिवळं, स्वच्छ, गवती चहासारखं.
बोलला काहीच नाही. तो असाच आहे.

खाली येऊन पुढच्या टायरवरून बोट फिरवलं.
एक तार रुतलेली, केसाएवढी,
अर्धीच आत गेलेली.
नखांनी ओढून काढली
आणि वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली.