मयड्याची केळ

कुस्तोदनं गोणपाटात गुंडाळून आणला मुनवा,
म्हापशाहून दोन बस बदलून.
मुळांना अजून मयड्याची तांबडी माती.
आईनं लावलेली केळ, म्हणाला,
बेटातली बाकी सगळी पर्णगुच्छानं नेली.

मी नळाखाली माती धुतली.
मोरीत जाईस्तोवर तो तिच्याकडे बघत राहिला.

मग सोपटामागून सोपट:
मनगटाएवढा, बोटाएवढा,
शेवटी सुरीच्या टोकावर
तांदळाच्या कणीएवढा कोंब.
"इतलेंच?" काचेपलीकडून त्यानं विचारलं.
इतकंच.

बरणीत आगर, साखर, थोडं शहाळ्याचं पाणी.
सोळा तास ट्यूबलाइट, आठ तास रात्र.
एकाचे तीन झाले, तिनाचे अकरा.
जुलैत एकदा रात्रभर वीज गेली
आणि नऊ बरण्यांत राखाडी बुरशी फुलली;
त्या मी झाकणासकट उकळून टाकल्या.
त्याला फोनवर म्हटलं, बरं चाललंय.

आता जाळीखाली दोनशे अकरा रोपं,
वीतभर, एकासारखं एक,
कोवळ्या पानांवर तेच तपकिरी डाग.
कुस्तोद टोपी काढून ओळींमधून फिरला.
दोनदा फिरला.
"ह्यांतली म्हजी खंयची?"

सगळीच, म्हणणार होते,
पण त्यानं तोवर एक उचललंही होतं,
जरा तिरकं, पान फाटलेलं;
खिशातून वर्तमानपत्राची पुडी सोडून
त्याच्या मुळाशी ओतली
चिमूटभर माती, न चाळलेली, न उकळलेली.

माती आत आणायची नाही, असं
दारावरच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

नोंदवहीत मी लिहिलं: शिल्लक दोनशे दहा.