ठकीच्या डोळ्यातला ठिपका

पहिले चाळीस फोटो नुसते पोटाचे आले.
डोळा धूसर, मिशा धूसर,
मागची कुंडी मात्र अशी लख्ख
की तिच्यावरचे क्षाराचे ओघळ मोजावेत.

यज्ञेश कापडणीसने तिला आणलं मखमलाबादहून,
मामाच्या द्राक्षबागेतून, पेढ्याच्या खोक्यात.
"काका, खंडोबाचा घोडा," म्हणाला,
मग पोटाखालच्या वळ्या मोजून : "घोडी."
नाव ठेवलं ठकी.

मी एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटा तपासल्या.
शाई केसभर सरकली तरी डोळ्याआधी अंगठ्याला कळायचं.
अशा माणसाला दोन इंचांचा किडा
नीट टिपता येऊ नये?

शिकलो हळूहळू.
इतक्या जवळ गेलं की स्पष्टपणा
कांद्याच्या पापुद्र्याएवढाच उरतो.
त्या पापुद्र्यात डोळा बसवायचा,
बाकीची ठकी धुक्याला देऊन टाकायची.
रिंग फिरवायची नाही,
आपणच पुढे झुकायचं, तांदळातला खडा शोधताना झुकतात तसं,
आणि श्वास सोडून झाला, पुढचा अजून घेतला नाही,
त्या रिकाम्या जागेत बटण दाबायचं.
फ्लॅशवर श्रीखंडाच्या डब्याचं झाकण,
नाहीतर डोळे गोट्यांसारखे चमकतात.
पंखा बंद. कोपराखाली पोळपाट.
आणि देवळालीला तोफांचा सराव नाही असा वार.
एका गुरुवारी सगळं जुळलं होतं,
ठकी पुढचा पाय चाटत होती एकेका काट्यापर्यंत,
आणि धडाम्,
तावदानं थरथरली,
फोटोत नुसती डहाळी.

शैलजा दारात उभी.
"माझ्यासाठी कधी श्वास नाही रोखलात एवढा."
पण टॉर्च तीच धरते.

खरी गोष्ट त्या ठिपक्याची.
ठकीच्या हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका,
मी डावीकडे सरकलो की तो डावीकडे,
मी खाली वाकलो की खाली.
"माझ्याकडेच बघते," मी म्हणालो.
"छे, माझ्याकडे," टॉर्चमागून शैलजा.
यावर आमचं दोन दिवस चाललं.
मग यज्ञेशने निकाल दिला : बाहुली नाहीये ती काका,
डोळ्यात हजारो बारीक नळ्या असतात,
त्यातल्या ज्या नेमक्या तुमच्याकडे रोखलेल्या
तेवढ्याच काळ्या दिसतात.
म्हणजे कुठूनही बघा,
तुम्हाला वाटणार, तुमच्याकडेच.
शैलजा हसली. मला थोडं वाईट वाटलं,
का ते सांगता येणार नाही.

दसऱ्यानंतर तिने शेवटची कात टाकली,
रात्री दोनला, जाळीला उलटी लटकून,
ओल्या अंगाने स्वतःतून बाहेर पडत.
मी चारशे फोटो काढले.
डावा पंख सरळ उतरला पानासारखा,
उजवा दुमडलेलाच वाळला,
खिशात राहून धुतल्या गेलेल्या पावतीसारखा.
माझा हात सवयीने लाल पेन्सिलीकडे गेला.
प्रेसमध्ये असं काही दिसलं
की कोपऱ्यात खूण, आणि बाजूला.
पेन्सिल सापडलीही.
तिने पेढ्याच्या खोक्यावर तारीख लिहून ठेवली.

आज सकाळी जमला एकदाचा.
डोळा लख्ख, ठिपका मधोमध,
जबड्याशी माशीचा एक पाय अजून चिकटलेला.
यज्ञेश म्हणाला, हा मोठा करून लावा भिंतीवर.
दुमडलेला पंख त्यात कुठेच नाही,
पापुद्र्याच्या बाहेर पडला, धुक्यात गेला.

तो गेल्यावर मी पुन्हा बसलो.
बोटभर मागे सरकलो,
डोळा विरघळू दिला,
पंखाची एकेक सुरकुती वर येऊ लागली
पाण्याखालच्या वाळूसारखी.
"हात दुखला," शैलजा म्हणाली, "खाली घेऊ का उजेड?"
श्वास सोडून झाला होता माझा.
बोललो असतो तर सगळं हललं असतं.
नुसता डावा हात वर केला :
थांब.
आहेस तशीच थांब.