मधल्या आकाराचं अंडं

दुपारी बारा ते दोन, हीच वेळ.
ऊन डोक्यावर आलं की अंडी लघवीत जास्त उतरतात,
म्हणून शाळेमागं, कडुनिंबाखाली, मुलांची रांग,
हातात प्लास्टिकचे पेले
आणि कुणाचं जास्त लाल यावर पैजा.

आज सिरे जिंकला. नऊ वर्षांचा.
गुराख्यांची पोरं म्हणतात, वयात आला गडी.
मी काही बोलत नाही,
पेल्यावर आकडा घालते : एकेचाळीस.

आम्हाला शिकवलंय ते असं :
माणसातल्या कृमीचं अंडं गोलसर, टोकाला काटा.
गाईतल्याचं लांब, निमुळतं, सूतकताईच्या चातीसारखं.
एकेचाळीसचं गोल नव्हतं.
चातीसारखंही नव्हतं.
मी भिंग पुसलं, मग चष्मा,
मग पुन्हा भिंग.
वहीत रकाने दोनच होते.
मधल्या रेघेवरच मी टिंब दिलं
आणि ते दिवसभर मला दिसत राहिलं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू, डोळ्याला न दिसणारं,
कागदाच्या कार्डावर वाळवून
सें-लुईला पाठवलं, तांदळाच्या ट्रकमधून.

सात आठवड्यांनी उत्तर आलं.
आईकडून जे येतं, फक्त आईकडून,
ते गाईच्या कृमीचं.
बाकीच्या वाचनात
जिथं एक अक्षर हवं तिथं दोन,
एकाच जागी दोन शिखरं, एकावर एक,
जशी दोन माणसं एकदम बोलायला लागावीत
आणि कुणीच थांबू नये.
(आमच्या घरी असंच चाले. आई फुला, बाप सेरेर.
भांडण दोन भाषांत, जेवण एकाच परातीत.)

या कृमींचा नर पोटाशी दुमडून खोबण करतो
आणि मादी त्या खोबणीत राहते, वर्षानुवर्षं,
रक्ताच्या अंधारात, न सोडता.
तिनं त्याला विचारलं नसेल, तू कुणाचा.
धरण झालं, समुद्राचं खारं पाणी आत यायचं थांबलं,
कालवे उसाकडे वळले, गोगलगाई वाढल्या,
आणि एकाच उताराला
गाई पाणी प्यायला, पोरं डुंबायला.
भेटायला आणखी काय लागतं?

संध्याकाळी सिरेच्या आईकडे गेले. कुम्बेल.
माझं न्दूर हे आडनाव ऐकून ती आधी हसून घेते :
सेरेर तू, म्हणजे आमची नोकर, बस, दूध घे.
मी म्हणते, नोकर तुम्ही, राजे आम्ही.
हे झाल्याशिवाय कामाचं बोलता येत नाही.

मग सांगितलं. जमेल तसं.
आपल्या भाषेत जनुकाला शब्द नाही,
मी ‘आतलं बी’ म्हटलं, मग ‘रक्ताची आठवण’,
दोन्ही खोटं वाटलं.
तिनं धार काढायची थांबवली नाही.
म्हणाली, म्हातारे सांगतात
आमच्या गाई पाण्यातूनच वर आल्या.
आम्ही त्यांचं दूध पितो, त्या आमच्या हातचं मीठ चाटतात.
यात नवं काय सांगितलंस?

थोड्या वेळानं मात्र, माझ्याकडे न बघता,
मग दोष कुणाचा?
माझ्या पोराचा, की हिचा?

तांबड्या गाईनं कान हलवला.

औषधाला शाळेत एक काठी असते,
तिच्यावर रंगाचे पट्टे : पोर जेवढं उंच तेवढ्या गोळ्या.
सिरे टाचा उचलून उभा राहिला, अडीच मिळाल्या असत्या
तिथं तीन मागितल्या.
मी टाचा खाली दाबल्या.
गाईंसाठी काठी नाही.
कुणी विचारलंही नव्हतं तोवर,
मीसुद्धा नाही.

काल दुपारी पुन्हा त्या उतारावरून गेले.
पाणी शांत, काठाला गवत, गवताला गोगलगाई,
आतून हजारोंनी सुटत असणार, आत्ता, या उन्हात.
तांबडी गुडघाभर पाण्यात.
तिच्या शेपटीला धरून सिरे तरंगत होता
आणि मी हाक मारायला तोंड उघडलं
तर आधी कुणाचं नाव घ्यावं
हेच सुचेना.