घडीचं घर

निखाडेने वाडीच्या गोडाऊनमागे
ताडपत्री ओढली, तर खाली काहीच नव्हतं.
दोन चाकांवर एक चपटी पेटी,
कंबरेएवढी, लग्न उरकल्यावर
मागे राहिलेल्या स्टेजच्या तुकड्यासारखी.
"हेच?" वनमाला म्हणाली.
"हेच जी. उघडलं की घर होते."

चार दिवसांचे सहा हजार, पाच डिपॉझिट,
आधारची झेरॉक्स. मग जादूगाराच्या घाईने
त्याने ते एकदा उघडलं, एकदा मिटलं.
मी मान हलवली.
मान हलवायचे पैसे पडत नाहीत.

बोलेरोला हूक वेल्डिंग करून घेतला.
डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचा उजवा पेटायचा.
ऋचा म्हणाली, बाबा, हे तुमच्यावरच गेलं,
सांगता एकीकडे, वळता दुसरीकडे.
रिंग रोडभर खिडकीतून हात काढून आलो,
आणि मागे ते पेटीतलं घर
प्रत्येक ब्रेकरवर
स्वतःशीच काही पुटपुटत आलं.

संध्याकाळी ले-आऊटच्या गल्लीत, प्लॉट एक्केचाळीससमोर,
रंगीत तालीम म्हणून उघडून पाहिलं.
डिसेंबरच्या थंडीतही माणसं जमली.
वंजारी सर चपलांसकट आत चढून
गादीवर बसले, छताकडे बघत राहिले.
"सगळं ठीक," म्हणाले, "पण यात कूलर कुठं लावता?"

आतल्या फळीवर कुणीतरी
बॉलपेनने लिहून ठेवलं होतं: मीठ विसरलो.
नाव नाही, तारीख नाही.
वनमालाने त्याच पावली ऋचाला दुकानात धाडलं,
दोन पुडे आण म्हणाली.
मग ज्वारीचं पीठ, लाल तिखट, सांबाराची जुडी
ओल्या फडक्यात गुंडाळून,
छोटा सिलिंडर, तवा, मच्छर अगरबत्ती,
आणि मी पाचव्यांदा मोजलेले खुंटे,
जे दर वेळी वेगळेच भरायचे.

उघडायला चार मिनिटं लागली होती.
मिटता मिटेना.
"इकडून दाबा."
"काहून दाबून राहिले भाऊ, आधी ओढा ना!"
कॅनव्हासचं एक पोट आत ढकललं
की दुसरं बाहेर यायचं.
नऊ वाजले. सर घरी जाऊन जेवून परत आले.

तेव्हा वनमाला हात पुसत बाहेर आली,
तिने शेजारच्या नसीमभाभींना हाक मारली.
दोघींनी दोन-दोन टोकं धरली,
एक पाऊल मागे, एक झटका,
आणि भाभी चालत हिच्याजवळ आल्या,
टोकं हातात दिली, खाली वाकून
नवी कड उचलली, पुन्हा मागे गेल्या.
बोलणं चाललं होतं त्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचं.
कॅनव्हासकडे कुणाचं लक्षच नव्हतं
आणि ते गुमान मिटत होतं.

गच्चीवर चादरी वाळल्या की
वनमाला घडी एकटीच करते,
एक कड हनुवटीखाली दाबून,
हात पुरतील तेवढे फाकवून.
सव्वीस वर्षं मी ते खालून पाहतो आहे,
मोटरचं बटण बंद करताना.

झाकण बसलं. टाळ्या पडल्या.
आणि रस्त्यावर एक नळी उरली,
हातभर लांब, दोन्हीकडून भोकं असलेली.
कुठलीच जागा तिला आपली म्हणेना.
निखाडेला फोन लावला.
तो जेवत होता. "ती ना?" म्हणाला,
"ती सगळ्यांचीच उरते. असू द्या सोबत."

पहाटे पाचला गाडी गरम होत होती.
खिंडसीच्या काठी मावसभावाचं शेत,
तिथवर तास-दीड तास.
नळी सीटखाली घरंगळत होती.
ऋचा मागे झोपेतच येऊन बसली,
आणि वनमालाने शेवटची सोलापुरी चादर झटकून
हनुवटीखाली धरायला घेतली.

मी खाली उतरलो,
दुसरं टोक धरलं.

"उलटं धरलं," ती म्हणाली.
गाडी सुरूच होती.