दहा ओळी

उद्यमबागच्या फाउंड्रीत
नवं पान माझ्या हातून घडलं.
सकाळी कुणी कॉम्प्युटर सुरू केला की
आधी त्याचं नाव, मग तारीख,
आणि खाली दहा ओळी:
तुम्ही अलीकडे उघडलेले कागद.

कागद आपलं म्हणायचं.
सगळ्यात ताजा सगळ्यात वर,
बाकीचे एकेक पायरी खाली,
नवा आला की दहावा गळतो.
ज्याची यादी त्यालाच दिसते,
हे मी तीनदा तपासून घेतलं.

हजेरीच्या महादेवीबाईंच्या फायली कन्नडमध्ये,
डिस्पॅचच्या नावगेकरांच्या मराठीत,
खरेदीवाल्यांच्या इंग्रजीत, त्याही चुकीच्या स्पेलिंगच्या.
अक्षरांच्या क्रमानं लावल्या असत्या
तर कुणाचं वर आणि कुणाचं खाली
यावर आठवडाभर चहा थंड झाला असता.
म्हणून वेळेनं लावल्या.
वेळेला लिपी नाही.

शुक्रवारी कॅन्टीनच्या भिंतीवर पान पाडलं.
दाखवायला माझंच लॉगिन.
पहिली ओळ: सुट्ट्यांचा तक्ता.
दुसरी: वाळूचा अहवाल, मार्च.
तिसरी:
राजीनामा_शेवटचा_३

हातभर अक्षरं, भाताच्या वासात.
जेवणाच्या सुट्टीत मी तो उघडायची,
एक स्वल्पविराम काढायची,
परत घालायची, मिटायची.
होसमनी साहेबांनी चष्मा काढला,
पुसला,
पुन्हा घातलाच नाही.
कुणीतरी ताटातला चमचा उगाच सरळ केला.

तेव्हा मागच्या बाकावरून भरमा कणबरकर,
पॅटर्न शॉप, निवृत्तीला चौदा महिने:
"बाई, दहाच काय म्हणून?
अकरावं कुठं जातंय मग?"

सगळे हसले. माना तिकडं वळल्या.
मी म्हटलं, जात नाही कुठं.
असतं जागेवरच, दिसत नाही तेवढंच.
"हां," ते म्हणाले, "मग बरं हाय."

शनिवारी मी पॅटर्न शॉपला गेले.
पायाखाली सागवानाचा भुसा,
कीबोर्डवर भुसा, भुवयांवर भुसा.
त्यांच्या यादीत वर एकच गोष्ट:
ड्रॉइंग ४१७, पंप हाउसिंग.
गिऱ्हाईक हुबळीचं होतं, ते बंद पडलं,
शेवटचं कास्टिंग ओतून नऊ वर्षं झाली.
नोंदी काढून पाहिल्या.
रोज सकाळी आठ वाजून चार मिनिटं,
उघडलं. काही बदललं नाही. मिटलं.

"सात वर्षं कुणी उघडलं नाही तर
पुसून टाकतात करून ऐकलो.
पॅटर्नला वाळवी लागली, ते गेलं.
ही गोलाई तेवढी राहिलीय, माझ्या हातची.
चालत नसलेल्या स्कूटरला
रोज एक किक मारून ठेवतंय की माणूस,
तसं हाय बघा."

सात वर्षांचा नियम मीच लिहिला होता.
बोलले नाही.
तिसऱ्या ओळीचं त्यांनी विचारलं नाही.
पॉलिश पेपरची घडी मोडून
नवी घडी घातली.

सोमवारी मी दहा फायली उघडल्या,
एकही न वाचता,
बोनसची, बॉयलरची, २०१६ च्या सहलीची.
माझी ओळ पाचवर गेली, आठवर, दहावर,
मग सहलीचे फोटो आले आणि ती गेली.
जागेवर आहे. कुठं आहे ते मला माहीत आहे.
होसमनी साहेबांनाही आता माहीत आहे,
जिन्यात भेटलो की ते आधी
पावसाचं बोलतात, मग वीज गेल्याचं,
आणि मग दोघांनाही काम आठवतं.

नियमातलं सात खोडून तिथं काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.
तिसऱ्या गेटला अडकले तर उशीर होतो,
एरवी मी आठला खुर्चीत असते.
एक मिनिट, दोन, तीन.
मग पलीकडच्या शेडमधून
चारशे सतरा वर येतं.